सहा कोअर इकडे, सहा कोअर तिकडे

इंटेलचा कोअर आय५-१२४०० जानेवारी २०२२ मध्ये बाजारात आला, एएमडीचा रायझन ५ ५६०० त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. दोघांची खोकी शेजारी ठेवून वाचली तर गिऱ्हाईक चक्रावून जातं. कोअर सहा, थ्रेड बारा, कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ, वीज ६५ वॉट. दोन्हीकडे तेच. कंपन्यांनी जाहीर केलेली किंमतही दोघांची दोनशे डॉलरच्या आसपास. मग लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार 'काहीही घ्या, दोन्ही सारखेच' म्हणाला तर त्याचं काय चुकलं? चुकलं एवढंच की, प्रोसेसर सुटा कुणी वापरत नाही. त्याच्यासोबत मदरबोर्ड, रॅम आणि बहुतेकदा ग्राफिक्स कार्डही येतं, आणि खरा हिशेब तिथे बदलतो.

२०२२ च्या प्रोसेसरची चर्चा आता कशाला, असं कुणी विचारेल. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नारळ दिला आणि घरोघरचे जुने संगणक एकदम अडचणीत आले. त्याच वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की, नव्या डीडीआर५ रॅमचा आकडा ऐकून अनेकांनी नवा संगणक घ्यायचा बेतच पुढे ढकलला. हे दोन्ही प्रोसेसर जुन्या डीडीआर४ रॅमवर चालतात. १२४०० तर डीडीआर५ वरही चालतो, पण बोर्ड घेताना एकच काहीतरी निवडावं लागतं. घरात डीडीआर४ च्या पट्ट्या असतील तर या दोन नावांना आजही अर्थ आहे.

आधी वेगाचं बोलू. दोघांचे ४.४ गिगाहर्ट्झ सारखे असले तरी एका ठोक्यात होणारं काम सारखं नाही. इंटेलच्या कोअरची रचना थोडी नवी आहे. एकाच कोअरवर भार टाकणाऱ्या चाचण्यांत १२४०० साधारण दहा टक्क्यांनी पुढे राहतो. एक्सेलची भलीमोठी शीट किंवा टॅलीतला वर्षभराचा डेटा उघडताना हा फरक मोजता येतो, पण जाणवत मात्र नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर त्याच्या कितीतरी पट फरक डोळ्यांना दिसतो.

गेममध्ये एएमडी ही कसर भरून काढतो. त्याच्याकडे एल३ कॅश ३२ मेगाबाइट, इंटेलकडे १८. कॅश म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा. हळद-तिखट हाताशी असलं की माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढावं लागत नाही. गेममध्ये प्रोसेसरला तोच तोच डेटा सतत लागतो, म्हणून मोठा डबा कामी येतो. शेवटी मध्यम किमतीच्या ग्राफिक्स कार्डासोबत दोघांचे फ्रेम जवळपास बरोबरीत येतात, कारण तिथे आधी दम लागतो तो कार्डाला. चार-दोन फ्रेमवरून रात्र जागवणाऱ्यांनी खुशाल जागवावी.

आता ते ६५ वॉट. इंटेलच्या खोक्यावरचा हा आकडा मूळ वेगाचा आहे. जोर लावल्यावर १२४०० ला ११७ वॉटपर्यंत वीज ओढायची मुभा आहे. रायझनची मर्यादा ७६ वॉट. रोजच्या कामात दोघेही या टोकाला क्वचितच जातात. उलट संगणक नुसता चालू असताना इंटेल थोडी कमी वीज खातो, कारण रायझनमध्ये कोअरची चकती वेगळी आणि रॅमशी बोलणारी चकती वेगळी, आणि ही दुसरी चकती कधी पूर्ण झोपत नाही. पंखा दोघांच्याही खोक्यात फुकट मिळतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तो आवाज करेल, पण काम निभावेल.

दोघांमधला पहिला मोठा फरक आहे ग्राफिक्सचा. १२४०० च्या पोटात यूएचडी ७३० नावाचं साधं ग्राफिक्स आहे, रायझन ५ ५६०० मध्ये काहीच नाही. म्हणजे रायझन घेऊन घरी आलात, सगळं जोडलंत आणि कार्ड नसेल, तर मॉनिटरवर अंधार. गेम खेळणारा कार्ड घेणारच असतो, त्याला याचं काही नाही. पण सीएच्या ऑफिसला, डीटीपीवाल्याला किंवा मुलांच्या अभ्यासासाठी संगणक घेणाऱ्या घराला केवळ चित्र दिसावं म्हणून कार्ड घेणं हा निव्वळ भुर्दंड आहे. इथे १२४०० सरळ जिंकतो.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांना या साध्या ग्राफिक्सचा आणखी एक उपयोग आहे, तो दुकानात सहसा कुणी सांगत नाही. आजचे चांगले कॅमेरे दहा बिटांचं '४:२:२' प्रकारचं एचईव्हीसी चित्रीकरण करतात. रंग सुरेख येतात, पण एडिटिंगला बसलं की टाइमलाइन अडखळते. अशी फाइल उलगडण्याची सोय या यूएचडी ७३० मध्ये आहे. एनव्हिडियाच्या महागड्या कार्डांत मात्र ती आरटीएक्स ५० मालिका येईपर्यंत नव्हती. म्हणजे मोठं कार्ड असलेल्या व्हिडिओवाल्यालाही प्रोसेसरमधलं हे छोटं ग्राफिक्स हवंसं वाटावं!

इथे एक सापळा आहे. १२४०० चा भाऊ १२४०० एफ थोडा स्वस्त मिळतो, आणि त्या 'एफ'चा अर्थच ग्राफिक्स नाही असा. एएमडीकडेही असेच भाऊबंद आहेत. ५६०० जी मध्ये ग्राफिक्स आहे, पण एल३ कॅश निम्मी, १६ मेगाबाइट. ५५०० मध्ये कॅश तेवढीच निम्मी आणि ग्राफिक्सही नाही. या दोघांना ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याचा मार्गही जुना, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसचा. काउंटरवर घाईत नाव अर्धवट घेतलं की भलताच भाऊ पदरात पडतो.

आता रायझनची बाजू, आणि ती भक्कम आहे. समजा तुमच्याकडे २०१७ चा संगणक आहे, पहिल्या पिढीचा रायझन ५ १६००. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो प्रोसेसर नाही. पण त्याचा एएम४ सॉकेट आणि ५६०० चा सॉकेट एकच. २०२२ मध्ये एएमडीनं त्या पहिल्या बोर्डांनाही रायझन ५००० मालिका वापरण्याची वाट मोकळी केली. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच. फक्त प्रोसेसर बदलायचा आणि विंडोज ११ टाकायचं. २०१७ च्याच सातव्या पिढीच्या इंटेलवाल्याला ही सोय नाही. त्यानंतरच्या आठव्या पिढीचा सॉकेट नावाला तोच होता, तरी जुन्या बोर्डावर ती चालली नाही. त्याला बोर्ड बदलावाच लागतो. वाचते ती डीडीआर४ रॅम.

हा बदल घरी करणार असाल तर क्रम सांभाळा. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर ५६०० चं नाव पाहा आणि बायोस अद्ययावत करा. नंतर केलंत तर बोर्ड नव्या पाहुण्याला ओळखणार नाही. मग संगणक दहाएक मिनिटं चालवून थोडा तापू द्या, बंद करून वायर काढा. पंख्याचे स्क्रू सुटल्यावर तो सरळ वर ओढू नका. जुनी थर्मल पेस्ट सुकून चिकटलेली असते, आणि एएम४ मध्ये पिना सॉकेटला नसून प्रोसेसरला असतात. हिसका दिलात तर पंख्याला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो आणि बारीक पिनांची रांग वाकते. पंखा डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सैल करायचा, मग उचलायचा. १२४०० च्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये पिना बोर्डात असतात, म्हणून तिथे जपायचं ते बोर्डाला.

पुढच्या वाटेचं म्हणाल तर दोन्ही रस्ते आता संपत आलेत. दोन्ही कंपन्या नव्या सॉकेटवर गेल्या. १२४०० च्या बोर्डावर तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर बसतो, पण त्या पिढ्यांतले बरेच वरचे प्रोसेसर व्होल्टेजच्या दोषामुळे अस्थिर होत होते. इंटेलनं २०२४ मध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बाराव्या पिढीला हा दोष नाही. पण उद्या वर चढणार असाल तर आधी बायोस नवा करा. सेकंडहँड घेणाऱ्यानं तर त्याचा पूर्वेतिहासही विचारावा. खोक्यावर पीसीआय एक्सप्रेस ५ लिहिलंय म्हणून इंटेलकडे झुकू नका. या दर्जाच्या कार्डांना त्याचा जाणवेल असा फायदा नाही.

तेव्हा माझं मत असं: एएम४ चा चालता बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड घरात असेल तर दुसरा विचार न करता रायझन ५ ५६०० घ्या. बोर्डापासून नव्यानं जुळवायचं असेल आणि कार्ड नको असेल, तर १२४०० घ्या, आणि तोही एफ नसलेला. नव्या जुळणीत कार्डही घेणार असाल, तर दोघांच्या बोर्डासकट एकूण बिलाचा आकडा काढा आणि स्वस्त पडेल तो उचला. वापरताना फरक कळणार नाही. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच मागा. त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेमधल्या सुट्या प्रोसेसरला दुकानदाराच्या शब्दाखेरीज आधार नसतो. आणि पक्क्या बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.