लोहमार्ग व सार्वजनिक रस्त्यालगतचा गोळीबार : अंतर की धोका?

नवी मुंबईतील करावे गावाच्या एका बाजूस हार्बर लोहमार्ग, तर दुसऱ्या बाजूस पाम बीच मार्ग व त्यापलीकडे खाडीकाठची पाणथळ जागा आहे. अशा ठिकाणी बंदूक रस्त्यापासून किती दूर चालवावी? इंग्लंड व वेल्समध्ये १९८० च्या महामार्ग अधिनियमाने रस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांची मर्यादा घातली. तीही वाटसरूस इजा, अडथळा वा धोका झाला तरच लागू होते. आपले कायदे अंतर न मोजता धोका पाहतात. निष्काळजीपणाने वा जल्लोषात गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात आणल्यास शस्त्र अधिनियमाच्या २०१९ मधील दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कारावास, १ लाखापर्यंत दंड वा दोन्ही होतात. परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, वाटेल तेथे झाडण्याचा नव्हे. रेल्वे अधिनियम, १९८९ हेतू तपासतो : प्रवाशांस धोका होईल हे जाणून गाडीवर काही मारल्यास कलम १५२ नुसार जन्मठेपही होऊ शकते, केवळ बेदरकारपणा असल्यास कलम १५४ नुसार १ वर्षापर्यंत कारावास. कमी शक्तीच्या छऱ्याच्या बंदुकीस परवाना लागत नाही, हे खरे. पण ती पाणपक्ष्यावर रोखणारा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येतो आणि नेम चुकून छर्रा लोकलवर आदळल्यास रेल्वे अधिनियमाच्याही.