लांब पल्ल्याची बॅटरी, घरच्या घरी!

रात्रीची लाइट असली की उसाला पाणी धरायला जावंच लागतं. अकोले, संगमनेर, राहुरीकडच्या तुम्हा मंडळींना हे सांगायला नको. उसात बिबट्या असतो, हेही! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अकोल्याच्या शेतशिवारात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. मग मोबाइलच्या टॉर्चवर कसं भागणार?

भंगारातून जुन्या हेडलाइटचा मोठा, गुळगुळीत रिफ्लेक्टर आणा. पुढची रेघांची काच काढा. बारीक चिपचा एलईडी अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर बसवा. ड्रायव्हर आणि प्रोटेक्शन सर्किटवाला लिथियम सेल जोडा. आता लांबच्या भिंतीवर झोत मारून एलईडी मागे-पुढे सरकवा. ठिपका सर्वांत लहान झाला, की फोकस सापडला! गंमत म्हणजे एलईडी तोच ठेवून रिफ्लेक्टरचा व्यास दुप्पट केला, तर झोताची तीव्रता चौपट होते आणि पल्ला दुप्पट.

पण हा झोत पायाखाली पडत नाही, म्हणून छोटी बॅटरीही घ्या. एकटे जाऊ नका, मोठ्यानं बोलत राहा. लांबवर दोन डोळे चमकले, तर पाठलाग नको, गुपचूप मागे फिरा. बॅटरी त्याला हुसकायला नाही, तो वेळेत दिसावा म्हणून आहे.