'एलायझा'च्या जन्मदात्याचा धसका

२०२४ मध्ये जेफ्री हिंटन यांना जॉन हॉपफिल्ड यांच्यासोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि 'एआयचे जनकच एआयला घाबरले' ही बातमी पुन्हा ताजी झाली. यंत्रं आपल्याहून हुशार झाली तर ती आपल्या ताब्यात राहतीलच असं नाही, हे हिंटन २०२३ मध्ये गुगल सोडल्यापासून सांगत आहेत. इशारा गंभीर आहेच. पण आपल्याच निर्मितीने धास्तावलेले संशोधक याआधीही होऊन गेले. एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांचं यंत्र तर हुशारही नव्हतं.

बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबात १९२३ साली जन्मलेले वायझेनबाउम १९३६ मध्ये नाझी जर्मनीतून अमेरिकेत आले. जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी बँकेचे चेक हाताळणाऱ्या संगणकावर काम केलं, मग १९६३ मध्ये एमआयटी गाठली. तिथे त्यांनी लिहिलेला, टाइप केलेल्या वाक्यांना उत्तरं देणारा प्रोग्रॅम १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. नाव 'एलायझा'. शॉच्या 'पिग्मॅलियन'ची ही नायिका आपल्याला अनोळखी नाही. पुलंच्या 'ती फुलराणी'तली मंजुळा ती हीच. शिकवाल तसं तिचं बोलणं सुधारत जाणार, म्हणून हे नाव.

एलायझाची युक्ती साधी होती आणि म्हणूनच लाजवाब. ती वाक्यातला ठरावीक शब्द हेरायची, 'माझं'चं 'तुमचं' करायची आणि वाक्य प्रश्न बनवून परत करायची. आई-वडिलांचा उल्लेख आला की घरच्यांबद्दल आणखी सांगा म्हणायची. काहीच सापडलं नाही, तर तुमचंच मघाचं एखादं वाक्य उकरून काढायची. रेल्वेत शेजारच्या प्रवाशाला नुसतं 'हो का? मग?' करत कल्याणपासून पुण्यापर्यंत बोलतं ठेवणारे लोक असतात, तसाच हा प्रकार. वायझेनबाउम यांनी तिला भूमिकाही हुशारीने दिली: मानसोपचारतज्ज्ञाची. जगाबद्दल काहीही ठाऊक नसल्यासारखं बोललं तरी शोभून दिसेल, असा दुसरा पेशा सापडणं कठीणच!

मग त्यांना धक्का बसला. हा प्रोग्रॅम तयार होताना महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीने एलायझाशी दोन-चार वाक्यं बोलून झाल्यावर त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. खासगी बोलायचं होतं ना! त्याहून त्यांना खटकले ते तज्ज्ञ. स्टॅनफर्डचे मनोविकारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांना अशा प्रोग्रॅममध्ये तासाला शेकडो रुग्ण हाताळणारी उपचारपद्धती दिसू लागली.

या अस्वस्थतेतून १९७६ मध्ये वायझेनबाउम यांचं 'कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' हे पुस्तक आलं. संगणक काय करू शकेल हा त्यांच्या लेखी दुय्यम प्रश्न होता. न्यायाधीश किंवा मनोविकारतज्ज्ञ यांची कामं जमली तरी यंत्राकडे देऊ नयेत, कारण तिथे समोरच्याचं दुःख माणूस म्हणून समजून घ्यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. बिरादरीतले लोक बिथरले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव रूढ करणारे जॉन मॅकार्थी यांनी परीक्षणात पुस्तकाला उपदेशबाज आणि विस्कळीत ठरवलं. पुस्तकात उपदेश आहे, हे खरंच. पण मॅकार्थींच्या गोटाने तेव्हा केलेली भाकितं आज काढून वाचली, तर विस्कळीत कोण होतं असा प्रश्न पडतो.

हिंटन यांची भीती यंत्राच्या बुद्धीची. ती खरी ठरेल की नाही यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. वायझेनबाउम यांची भीती आपल्या भाबडेपणाची होती आणि तिचा पडताळा त्यांच्या ऑफिसातच आला होता. तरी मथळे मिळतात ते पहिलीला. यंत्राला घाबरण्यात थरार आहे, आपण सहज फसतो हे कबूल करण्यात तो कुठला?

वायझेनबाउम १९९६ मध्ये बर्लिनला परतले आणि २००८ मध्ये वारले. एलायझाचा मूळ कोड पुढे एमआयटीच्या दप्तरात सापडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये अभ्यासकांनी तो जुन्या आयबीएम संगणकाची हुबेहूब नक्कल करून चालवून दाखवला. बोलताना आकडा टाइप केला की ती कोलमडते, असा एक बग त्यात निघाला. मूळ रूपाला धक्का नको म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला आहे.