कॅप्टन नेमोची अज्ञात भाषा

कादंबरीचे चित्रपटात रूपांतर होताना कथानकाची झालेली काटछाट सहज लक्षात येते. भाषिक हानी मात्र बहुधा नजरेतून निसटते. ज्यूल व्हर्न यांच्या ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ (१८६९-७०) या कादंबरीवरून वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने १९५४ मध्ये काढलेला, रिचर्ड फ्लायशर दिग्दर्शित चित्रपट या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

कादंबरीत पाणबुडीवरील बंदिवान फ्रेंच, इंग्रजी, जर्मन व लॅटिन अशा चार भाषांत आपली हकीकत सांगतात. उत्तर मिळत नाही. खलाशी आपापसांत एक अनोळखी भाषा बोलतात. ‘नेमो’ या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘कोणी नाही’ असाच. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू शेजारी नांदतात. अनोळखी माणसाच्या दोन वाक्यांवरून त्याच्या मुलखाचा अंदाज बांधणे येथील श्रोत्याच्या अंगवळणी पडलेले असते. नेमो नेमकी हीच वाट बंद करतो. स्वदेश त्यागलेल्यांना ती भाषाच देश होते.

व्हर्न यांनी नेमो प्रथम रशियाविरुद्ध सूड घेणारा पोलिश सरदार म्हणून कल्पिला होता; प्रकाशक हेत्झेल यांनी हरकत घेतल्याने त्याचे राष्ट्रीयत्व अनुक्त राहिले. ‘गूढ बेट’ (१८७४-७५) या कादंबरीत तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात सर्वस्व गमावलेला, असल्याचे उघड होते.

चित्रपटातील नेमो (जेम्स मेसन) आरंभापासून इंग्रजी बोलतो. पत्नी व पुत्र यांच्या मृत्यूचे दुःख तो सांगतो, परंतु शत्रुराष्ट्राचे नाव घेत नाही. त्याचा रोष दारूगोळ्याच्या व्यापाराकडे वळविला आहे, आणि शेवटचा प्रचंड स्फोट अणुयुगातील प्रेक्षकाला उद्देशून आहे. सहकुटुंब पाहण्याच्या चित्रपटास ही सुगमता उपकारक ठरली; तथापि गूढ भाषा गेली, आणि डक्करच्या १८५७ लाही तेथे जागा उरली नाही.

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी व्हर्नच्या कथा मराठी कुमारवाचकांपर्यंत आणल्या. पुढील रूपांतरकारापुढे प्रश्न उरतो तो असा: नेमोच्या खलाशांना मराठी बोलू द्यावे काय? त्यांचे बोलणे समजले, तर नेमोचा अज्ञातवास संपतो. मुळात जे अनाकलनीय आहे ते अनाकलनीयच ठेवणे, हीदेखील अनुवादाची निष्ठा होय.