नळ बंद, बोअर सुरू? मग आरओवरची तारीख नव्हे, मीटर बघा

बीड : आरओ मशीनवर मेकॅनिक पुढच्या सर्व्हिसची तारीख लिहून जातो आणि घरचे निर्धास्त होतात. अडचण अशी, की मशीनमध्ये जाणारे पाणी वर्षभर एकच नसते. बीड शहराला माजलगाव धरण आणि बिंदुसरातून पाणी येते, केज-अंबाजोगाईला मांजरा धरणातून. उन्हाळ्यात नळाचे दिवस लांबले, की घर बोअरवर किंवा टँकरवर येते. बोअरच्या जड पाण्याने मेम्ब्रेनवर क्षारांचा थर चढतो आणि वर्षभर चालणारी मेम्ब्रेन त्याआधीच थकते.

हे कळायचे कसे? काही शंभर रुपयांचा टीडीएस मीटर घ्या. आधी मशीनमध्ये जाणारे पाणी मोजा, मग गाळलेले. समजा, बोअरचा आकडा १२०० आणि गाळलेल्याचा १०० आहे, मेम्ब्रेन ठीक. तोच १०० पुढे ३०० झाला, तरी बहुतेकांना काही वाटत नाही, कारण पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. पण आता चौथा हिस्सा क्षार आरपार जात आहेत. चवीसाठी कच्चे पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर उघडा नाही ना, तेवढे आधी पाहा. तो बंद असेल, तर मेम्ब्रेन बदलण्याची वेळ झाली.

जिल्ह्यातील काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. त्याची इष्ट मर्यादा लिटरला फक्त १ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दीड. एवढासा फरक टीडीएस मीटरवर दिसतच नाही. पाणी उकळून, तुरटी फिरवून किंवा नुसत्या यूव्हीने फ्लोराइड जात नाही. चांगली मेम्ब्रेन ते बरेचसे अडवते. लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसत असतील, तर बोअरचे पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या.

बाहेरच्या पारदर्शक भांड्यातील कँडल तपकिरी झाली की बदला; टँकरच्या गढूळ पाण्यात ती महिन्यातही भरते. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल, तर कार्बन फिल्टर जुना नको. क्लोरीन तोच अडवतो. तो संपला की क्लोरीन थेट मेम्ब्रेन खाते.

वेस्ट पाइपचे पाणी बादलीत धरून भांडी, फरशी, संडासाला वापरा. झाडांना मात्र ते रोज घालू नका, क्षार मुळाशी साचतात.