आधी खोली, मग स्पीकर

दहा बाय बाराच्या खोलीत छातीइतक्या उंचीचे स्पीकर उभे करणाऱ्यांचा मला हेवा वाटत नाही. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणून समोरासमोरच्या भिंतींत तीन मीटर अंतर असेल, तर ५७ हर्ट्झच्या आसपासचा सूर तिथे आपोआप घुमू लागतो. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळ, डग्ग्याची घुमारही त्याच शेजारातली. लाखो रुपये मोजून आणलेला खर्ज कसा वाजायचा, हे शेवटी भिंतीच ठरवतात.

खोलीचाच उपयोग करून घेण्याची युक्ती पॉल क्लिप्शची. अमेरिकेत आर्कान्सामधल्या होप गावी त्यांनी १९४६मध्ये क्लिप्शहॉर्न काढला. खोलीचा कोपरा हाच त्याच्या कर्ण्याचा उरलेला भाग. एका वॉटला १०५ डेसिबल, असा कंपनीचा दावा. पण आपल्या फ्लॅटमध्ये दोन मोकळे कोपरे आणायचे कुठून? एकात कपाट असतं, दुसऱ्यात दार उघडतं.

इंग्लंडच्या पीटर वॉकर यांनी खोकाच काढून टाकला. १९५७च्या क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये पातळ पडदा विद्युतदाबावर हलतो. खोका नाही, म्हणून खोक्याचा आवाजही नाही. किशोरी आमोणकरांची आलापी इतकी निर्मळ दुसरीकडे क्वचितच ऐकू येते. मात्र आवाज पाठीमागेही तेवढाच जातो, तेव्हा भिंतीपासून भरपूर अंतर हवं. खर्ज बेताचा, आणि धूळ व दमट हवा यांच्याशी हाडवैर. कोकणातल्या पावसाळ्यात हे लाड कोण पुरवणार?

माझं मत बीबीसीच्या घराण्याला. बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या व्हॅनमधल्या चिंचोळ्या जागेत निवेदकाचा आवाज पारखता यावा, म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकात एलएस ३/५ए हा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. वूफर आणि ट्वीटर केईएफचे. लाकडी खोक्याच्या भिंती मुद्दाम पातळ, त्यांना आतून डांबरी पट्ट्या, म्हणजे लाकडाची घुमार माणसाच्या आवाजात मिसळत नाही. अमेरिकेतल्या विल्सन ऑडिओचा मार्ग नेमका उलटा: खोका होता होईल तेवढा जड आणि कडक. दोन्ही मार्गांनी उत्तम स्पीकर झाले आहेत. फक्त पहिला दोघांनी उचलता येतो.

एलएस ३/५एमध्ये खरा खर्ज नाहीच. खर्जाच्या थोडं वर आवाजाला हलका फुगवटा दिला आहे, त्यावर कान फसतो. शिवाय तो मंद आहे: क्लिप्शहॉर्नला एक वॉट पुरतो तिथे याला दीडशे लागतील, आणि तितके द्यायला गेलात तर तो जळेल. सिंफनीच्या भोक्त्यांनी, मोठी खोली असल्यास, बीअँडडब्ल्यूच्या ८०१चा विचार करावा. १९७९चा हा स्पीकर लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओतही वापरला गेला. ख्याल ऐकणाऱ्याचं मात्र या छोट्या पेटीवर भागतं. स्टँडवर ठेवा, भिंतीपासून दोन फूट पुढे घ्या.

कॅनडाच्या फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांची परीक्षा घेतली. स्पीकर दिसेनासे झाले की किंमत, आकार आणि नाव यांचा प्रभाव ओसरतो, आणि दोष जोडीपेक्षा एकाच स्पीकरवर लवकर पकडले जातात. हे आपल्या सोयीचंच आहे. मल्लिकार्जुन मन्सूरांची जुनी ध्वनिमुद्रणं मोनोच आहेत. दुकानात तीच न्यावीत आणि एक स्पीकर बंद करायला सांगावं. विक्रेत्याच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू द्याव्यात.