दारचा हादगा, ताटातली भाजी

हादगा म्हटलं की आपल्याला आधी भोंडला आठवतो. पाटावर काढलेला हत्ती, भोवतीचा फेर आणि शेवटी खिरापत ओळखणं. पण आज मी बोलणार आहे ते हादग्याच्या झाडाबद्दल. कुणी त्याला अगस्ता म्हणतात. पावसाळा सरत आला की हे झाड चोचीसारख्या वाकड्या, मोठ्या फुलांनी भरून जातं. शोभा म्हणून आपण ते अंगणात लावतो, पानमळ्यात वेलीला आधार म्हणून लावतात. आणि फुलं मात्र झाडून उकिरड्यावर टाकतो, अन् भाजीला पैसे मोजतो! म्हणून ही माहिती.

लावायचं कसं? वाळलेल्या शेंगेतलं बी घ्या आणि रात्रभर पाण्यात भिजवा. मृगाच्या पावसानंतर जागेवरच दोन-दोन बिया टोचा, किंवा आधी पिशवीत रोप करा. आठवडाभरात कोंब वर येतो. रोप वीतभराहून मोठं झालं की फूट-दीड फुटाचा खड्डा घ्या, त्यात शेणखत घाला आणि लावा. दोन झाडांत सहा ते आठ फूट अंतर ठेवा. जमीन नाही म्हणून अडू नका. न्हाणीचं पाणी जातं तिथेही एक झाड छान येतं. हादगा शेंगवर्गातला आहे. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या हवेतलं नत्र जमिनीत आणतात, म्हणून रासायनिक खताची गरज पडत नाही.

रोप लहान असताना भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण कराच, नाहीतर शेळ्या शेंडा ठेवणार नाहीत. लाकूड ठिसूळ असतं, वादळात फांद्या मोडतात. म्हणून कौलांवर किंवा विजेच्या तारांखाली झाड येईल अशी जागा निवडू नका. कडाक्याची थंडीही त्याला सोसत नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. दारातलं झाड दोन वर्षांत छपराच्या वर गेलं होतं. उन्हाळ्यात शेळ्यांना चारा नव्हता, म्हणून मी एका दिवसात सगळ्या फांद्या उतरवल्या, एक पान ठेवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, “अगं, त्याला श्वास घ्यायला तरी ठेवायचंस!” झाड पुन्हा फुटलंच नाही. शेळ्यांचा चारा दोन दिवसांत संपला आणि पुढची सगळी फुलं, शेंगा गेल्या. म्हणून सांगते, पाला काढायचा तर बाजूच्या थोड्या फांद्या काढा आणि मधला शेंडा राखा. पाला गाई-शेळ्यांना चालतो, कोंबड्यांना मात्र घालू नका.

भाजीसाठी पांढऱ्या फुलांचा हादगा चांगला, लाल फुलं जास्त कडू लागतात. सकाळी ताज्या कळ्या आणि नुकती उमललेली फुलं तोडा. देठाकडचा हिरवा भाग आणि मधली केसरांची दांडी काढून टाका, कडूपणा तिथेच असतो. मुंग्या, किडे बघून फुलं धुवा आणि हलकेच पिळा. तेलात मोहरी, जिरं, लसूण आणि मिरचीची फोडणी करा. कांदा परता, भिजवलेली मूगडाळ घालून शिजवा आणि शेवटी फुलं घाला. पाच-सात मिनिटांत ती शिजतात आणि शिजून अगदी थोडी होतात, म्हणून फुलं भरपूर घ्या. डाळीच्या पिठात बुडवून भजीही करता येतात. शेंगा हातभर लांब होतात. कोवळ्या असताना शिरा काढून गवारीसारखी भाजी करा. निबर झाल्या की बियाण्याला ठेवा.

पानांचीही भाजी होते. त्यांत प्रथिनं, कॅल्शियम आणि डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व असतं. पण ही भाजी आहे, औषध नव्हे. ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे त्यांनी आशाताईंनी दिलेल्या गोळ्या चालूच ठेवाव्यात.

शेवटची गोष्ट. हादगा झपाट्याने वाढतो, पण आंब्या-चिंचेसारखा पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. एकच झाड लावून निर्धास्त राहू नका, दोन-तीन वर्षांनी शेजारी नवं रोप लावत जा. एका झाडाला पुष्कळ बी येतं. ज्या मैत्रिणीकडे हादगा आहे तिने यंदा चार शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात आणि गटाच्या बैठकीत बी वाटावं. गटातल्या प्रत्येकीच्या दारात एक झाड झालं, तर पुढच्या वर्षी भोंडल्याच्या दिवसांत हादग्याची फुलं फेर धरणाऱ्या लेकींच्या ताटातही येतील.